अव्वाचा आवाज आणि देवघरातली पेटी

मुरुम, ता. उमरगा
सोमवार, ता. ९

तीर्थरूप सिद्रामअण्णा यांस,

धाकटी बहीण शांताचे शरणु शरणार्थ. वहिनींनाही सांगावे.

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी आलेल्या वस्तू येणेप्रमाणे: लातूरहून वापरलेला कॉम्प्युटर एक (पडदा नाही, नुसती पेटी, मसाल्याच्या डब्याएवढी), रुपये चार हजार पाचशे. त्यात बसवायची डिस्क एक, पाच हजार दोनशे. वायर, एकशे ऐंशी. एसटीच्या पार्सलची हमाली, साठ. एकूण नऊ हजार नऊशे चाळीस. आकडा वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. आमच्या ह्यांनीही पुसला. दुकानातून जेवायला आले ते पेटी बघून म्हणाले, "फोटो ठेवायच्या भाड्याचे महिन्याचे एकशे तीस वाचवायला दहा हजार घातले व्हय? वा!" मी तेव्हाच हिशेब करून दाखवला, की सहा वर्षं साडेचार महिन्यांनी आपण फायद्यात. ते हात धुवायला गेले.

तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? ईटला थंडी जास्त, तेव्हा तिळाचं तेल सोडू नका. वहिनींची शुगर तपासली का? दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे, म्हणून विचारायचं बरंच साठलं आहे.

ह्या सगळ्याचं मूळ अव्वाच्या आवाजात आहे. अव्वा गेली, लिंगैक्य झाली, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमची शिवलीला ईटला महिनाभर राहिली होती, तेव्हा तिनं अव्वाच्याच मोबाइलवर तिचं बोलणं भरून ठेवलं होतं. अकरा तुकडे आहेत. एकात शेंगाची पोळी सांगते, एकात अर्धं कानडी अर्धं मराठी करत तुम्हाला रागावते. तो मोबाइल पुढं फुटला, पण बोलणं भाडं घेणाऱ्या त्या मोठ्या कंपनीच्या कोठारात अव्वाच्या खात्यावर राहिलं. तीनेक आठवड्यांपूर्वी शिवलीलाला तिकडून सूचना आली, की हे खातं दोन वर्षं कुणी उघडलेलं नाही, ह्या महिन्याच्या तीस तारखेला पुसून टाकू. अण्णा, मला त्या दिवशी भाकरी थापता येईना. आपल्या आईचा आवाज कुठल्या देशात कुणाच्या कपाटात आहे, हे मला ठाऊकही नव्हतं, आणि किल्ली त्यांच्याकडं! शिवलीला म्हणाली (पुण्याची नोकरी ती सध्या घरी बसून करते), "आई, आपण घरातच कोठार करू. अव्वाला घरी आणू." आणायला एक अडचण आहे. ती पुढं लिहिते, आधी बाकीचं.

पेटी ठेवली देवघराच्या कोनाड्यात. इन्व्हर्टरचा प्लग तिथंच आहे, आणि तिथल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. आता देवाशेजारी बसलेल्या वस्तूला कोरडं कसं ठेवायचं? पहिल्या सोमवारी पूजा झाल्यावर मी तिलाही तीन बोटं विभूती ओढली. रोज ओढत गेले. चौथ्या दिवशी पेटी कण्हायला लागली आणि पाचव्या दिवशी गप्प झाली. शिवलीलानं उघडून बघितली. "आई, पंख्यालाही भस्म लावलंस?" (माझ्या बोटांसमोर नेमकी तिची श्वास घ्यायची भोकं आली होती.) ह्यांच्या दाढीच्या ब्रशनं साफ केली, तेव्हा पुन्हा सुरू झाली. आता विभूती मागच्या भिंतीला लावते. ब्रश ह्यांना सांगून घेतला नव्हता, हे तुमच्यापाशीच राहू द्या.

पण खरं नवल पुढंच आहे. मी विचारलं, पेटी आणली, डिस्क आणली, पण आत जे चालतं त्याचे किती? ती म्हणाली, काही नाही. फोटो ठेवणारं फुकट, माझ्या जमाखर्चाची वही झाली ते फुकट, रस्ते दाखवणारा नकाशा फुकट. आणि नुसतं फुकट नव्हे. कसं बनवलं तेही उघडं मांडून ठेवलेलं, कुणीही वाचावं, सुधारावं, पुढं द्यावं. हजारो माणसं आपापलं काम सांभाळून हे करतात, आणि एकानं दुसऱ्याचं तोंड बघितलेलं नसतं. अण्णा, मी दहावी शिकलेली बाई, पण माझ्या अंगावर काटा आला. मठातल्या दासोहाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं. तिथं शिजवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, आणि जेवणाऱ्याचंही.

मग मला झोप लागेना. शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतोच. हा एवढा मोठा डबा आला, तो परत कुणाकडं करायचा? शिवलीला म्हणाली, "नकाशात आपली गल्लीच नाही, ती भर." भरली! आड, पिठाची गिरणी, मठ, दोन्ही हातपंप (एक बंद आहे, तेही लिहिलं). उत्साहात शेजारच्या कस्तुराबाईंच्या घरावर "येथे कुरडया मिळतात" असंही लिहिलं. आठ दिवसांनी त्या पदर खोचून दारात. "शांताबाई, काय तुमचा नकाशा! दोन परकी माणसं पावशेर कुरडया मागत उभी हायत, आन् मी अंगावर पाणी घेत होते!" मी लगेच ते पुसायला बसले. तर संध्याकाळी पुन्हा आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुसू नका. पापड पण लिहा."

म्हणून म्हणते, आता आपल्याला कुठल्याही मोठ्या कंपनीची गरज उरलेली नाही. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शांता

ता. क. — ती अडचण अशी. अव्वाचं खातं उघडायचं तर कंपनी सहा आकडे पाठवते, आणि ते अव्वाच्याच नंबरवर येतात. तिचं सिमकार्ड तुमच्याकडं आहे. आकड्यांखाली "हे कुणालाही सांगू नये" असं लिहून येतं. ते बहिणीला लागू नाही.

दुसरा ता. क. — सिम बंद पडलं असेल असं धरून मी गुरुवारी तो नंबर लावून बघितला. तर घंटा वाजली! माझ्या मोबाइलवर अजून "अव्वा" असंच नाव येतं. मी घाबरून ठेवून दिला. म्हणजे अण्णा, दोन वर्षं तुम्ही त्यात पैसे भरत आलात. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत होते, की दिवस उरकून झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात अव्वाची म्हैस विकणाऱ्याला आईचं काय! ते बोलणं मी मागं घेते. (म्हैस विचारून विकायला हवी होती, हे मागं घेत नाही.)

येत्या बाविसाला, रविवारी, सकाळी दहाला मी त्या नंबरवर फोन करीन. तुम्हीच उचला. ते आकडे दहा मिनिटं चालतात, सांगायला अर्धं मिनिट पुरतं. उरलेल्या साडेनऊ मिनिटांत आधी भांडायचं की आधी तुम्ही जेवायला कधी येता ते ठरवायचं, एवढं उलट टपाली कळवा.