सगळ्यांना सारखाच उजेड

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. डेपोत दोन चालक आजारी आहेत, त्यामुळे सकाळची बसही माझ्याच गळ्यात आणि संध्याकाळचीही. यांचं म्हणणं, मी आता झोपेतही पाय ब्रेकवर दाबते.

आता मुद्द्याचं. बालगृहातून जी मुलगी आम्ही घरी आणणार, ती ठरली. चार वर्षांची आहे. मिळेल तो पावाचा तुकडा खिशात कोंबते, म्हणून यांनी तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आहे. तिचे आईवडील समुद्रापलीकडून कामासाठी आलेले, दोघंही गेले. रंगाने ती काळीभोर आहे, केस दाट आणि कुरळे, आपल्या घरात कुणासारखीच दिसत नाही. अर्जात विचारलं होतं, मूल वेगळ्या वंशाचं असलं तर चालेल का. मी लिहिलं, आम्हाला रंग दिसतच नाही. बालगृहाच्या बाईंनी ते खोडून अर्ज परत दिला. म्हणाल्या, रस्त्यावरच्या लोकांना दिसणार आहे, मग तुम्हाला न दिसून कसं चालेल. मला राग आला. अजून दुसरं उत्तर सुचलेलं नाही.

आणखी एक. आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर तिला कोण सांभाळील, त्याची सही लागते. मी तुझं नाव दिलं आहे, कागद सोबत आहे. कोर्टाची तारीख वीस एप्रिल. सहीशिवाय प्रकरण पुढे सरकणार नाही. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, यापुढे तो तिघांवर करावा.

तुझी,
ठमी

१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. टेबलाच्या खणात ठेवला आहे, सही केलेली नाही. रागावू नकोस, पुढे वाच.

तुम्ही मूल आणावं असं मी आणि तुझी वहिनी सहा वर्षं म्हणतो आहोत. पण आपल्यासारखं दिसणारं एखादं मिळेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? तुझ्या बसमध्ये चढणारा प्रत्येक जण विचारील, ही कुणाची. उद्या तीच विचारील, मी कुणाची. माझ्या मनात वाकडं काही नाही. कोण कुठला हे मी तीस वर्षांत स्टुडिओत कधी बघितलं नाही. जो येईल त्याला तोच पडदा, तेच स्टूल, सगळ्यांना सारखाच उजेड. पण फोटो काढणं वेगळं आणि पोर पदरात घेणं वेगळं. पन्नाशी उलटली आहे माझी.

अर्जाला फोटो लागेल, तो मात्र मीच काढणार. रविवारी तिला घेऊन या. जावईबापूंना म्हणावं, लिफ्टच्या ग्रीसचे डाग नसलेला शर्ट शिल्लक असेल तर घाला. तिला मला मामा म्हणायला इतक्यात शिकवू नकोस, फोटोवाले काका पुरे. लोभ कमी झाला असं समजू नये.

तुझा,
दादा

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो परत पाठवते आहे, बाराच्या बारा प्रती.

पाकिटात एक कच्ची प्रतही चुकून राहिली होती. तीत आम्ही दोघं स्वच्छ, आणि मध्ये खारूताईचे नुसते डोळे आणि दात. बाकीच्या प्रतींसाठी तू निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तिला उजळ केलंस. तिने फोटो हातात घेतला, यांना ओळखलं, मला ओळखलं, आणि मधली मुलगी कोण म्हणून विचारलं. ती तूच, असं मी म्हटलं तर तिला पटेना. मग कच्च्या प्रतीवर बोट ठेवून म्हणाली, मी तर अजिबात हलले नव्हते, तरी का नाही आले. तू हे मायेने केलंस हे कळतं, म्हणून तर जास्त लागलं.

सगळ्यांना सारखाच उजेड म्हणतोस, आणि मीही अर्जात तेच लिहिलं होतं. बाईंनी का खोडलं ते त्या प्रतीने शिकवलं. आता लिहिलंय, आम्हाला तिचा रंग दिसतो. तिला आणायचं की नाही हे त्यावर ठरवलेलं नाही, पण आणल्यावर आम्हाला काय काय शिकावं लागेल ते त्यावर ठरेल. बाईंनी ते ठेवून घेतलं. केस विंचरायला मी माझ्या बसने जाणाऱ्या एका बाईंकडून शिकते आहे. तिच्याच लोकांपैकी आहेत त्या. पहिल्या दिवशी खारूताईपेक्षा मीच जास्त रडकुंडीला आले. शनिवारी ती आमच्याकडे असते. परवा एका प्रवाशाने खरंच विचारलं, ही कुणाची. माझी, म्हटलं, आणि बस चालू केली.

आमच्या डेपोतल्या तिकीट तपासणाऱ्या बाई तुझ्याऐवजी सही करायला तयार आहेत. मला तुझी हवी आहे. दहा एप्रिलपर्यंत वाट पाहीन, पण तिला आणण्यावरून मागे हटणार नाही. लोभ आहे, तो या भांडणातही असू द्यावा.

तुझी,
ठमी

१९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षांत कुणी माझे फोटो परत केले नव्हते. पाकीट खणात आपटलं. मग तुला तोंडघशी पाडायचं म्हणून जुनी कपाटं उघडली, शाळांच्या वर्गांचे फोटो काढले आणि भिंग घेऊन बसलो. माझा उजेड सगळ्यांना पुरतो, हे दाखवायचं होतं.

पुरत नाही. बऱ्याच वर्गांत एखाददुसरं खारूताईसारखं पोर आहे आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. उजेड मोजायचा मीटर मी नेहमी आपल्यासारख्या चेहऱ्यासमोरच धरत आलो. एकदा एक बाप प्रत घेऊन आला होता, पोरीचं तोंड दिसत नाही म्हणाला. मी सांगितलं, मुलगी हलली असेल. तो बरं म्हणाला आणि प्रतीला घडी पडणार नाही अशी छातीशी धरून गेला. ठमे, मला लाज वाटते.

ती मुलगी हलली नव्हती. खारूताईही हलली नव्हती, हे तिला माझं नाव घेऊन सांग. रविवारी पुन्हा या. या वेळी दिवे तिच्या चेहऱ्याच्या हिशेबाने लावणार, कितीही वेळ लागो. सहीचं समोरासमोर बोलू. जावईबापूंना तो डागांचा शर्टही चालेल. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
दादा

२२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खारूताई घरी आली. या क्षणी टेबलाखाली आहे. तू ज्या पेनाने सही केलीस ते अजून तिच्या खिशातच आहे, परत मिळण्याची आशा सोड.

कोर्टात तू काढलेला नवा फोटो फार बघितला गेला. तिचे गाल, कपाळावरचा तो छोटा व्रण, सगळं कसं लख्ख आलं आहे. तू मात्र कॅमेऱ्याचं घड्याळ लावून धावत आलास आणि नेमका तिच्या दिव्याच्या झोतात उभा राहिलास. पीठ फासल्यासारखा दिसतोस. पेन्सिल फिरवून नीट कर म्हटलं, तर राहू दे म्हणालास. बरं केलंस.

न्यायाधीशबाईंनी फोटो बघितला, सही बघितली, आणि हे पांढरेफटक गृहस्थ कोण म्हणून विचारलं. बालगृहाच्या बाई सांगायला उठल्या, पण त्यांच्या आधी खारूताईनेच सांगून टाकलं की ते माझे मामा आहेत. न्यायाधीशबाई हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

मी तिला तो शब्द शिकवलेला नव्हता, यांनीही नाही. घरी येताना विचारलं तर म्हणाली, स्टुलावर बसवताना फोटोवाल्या काकांनीच कानात सांगितलं होतं, आणि आईला इतक्यात कळू देऊ नकोस असंही.

लोभ तिघांवर आहे हे कळलं, तो असाच चोरून का होईना करत राहावा.

तुझी,
ठमी