तळं दाखवण्याचा कार्यक्रम

ती. वन्सं यांच्या पायाशी,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण हल्ली मी खाली बसले की वर यायला माणूस लागतो, आणि आमच्या घरातला माणूस सध्या स्वतःच खाली बसलेला आहे. त्याचं पुढे येईलच. तुमचा गुडघा आता कसा आहे? सांगितलेले व्यायाम करता ना? (करत नाही, हे भाचेबुवांकडून कळलंय. तरी विचारायची रीत म्हणून विचारलं.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता आणि इकडे तुमचे बंधू भिंतीपलीकडून ऐकतात. पत्राला कान नसतात.

तर पत्रास कारण रविवारची पाहुणेमंडळी. भाचेबुवांनी मुलगी स्वतः पसंत केली, आपण सगळ्यांनी माना डोलावल्या, राहिले होते तिचे आईवडील. तुम्हाला गुडघ्यामुळे प्रवास झेपेना आणि ते तर आमच्याच गावात, म्हणून तुम्ही त्यांना आधी मामा-मामींकडे जाऊन या म्हणालात. योग्यच केलंत, असं मी सगळ्यांना सांगते. (मनात काय म्हणते ते विचारू नका.) वर मला बजावलंत की बाई, सगळं कर, पण माझ्या भावाला तळ्याचा विषय काढू देऊ नकोस. वन्सं, तुमच्या गळ्याची शपथ, त्यांनी विषय काढला नाही. विषय आपला आपणच निघाला.

तळं तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते. ह्यांचे हात थरथरायला लागले आणि घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करावं लागलं, ते तुम्हाला माहीतच आहे. डोळ्यांना दिसणार नाहीत असले स्क्रू चिमट्यात धरणारे हात, त्यांना चहाचा कप धरता येईना. मग हे घरात भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला बोलावलं की जेवायचे, आणि पुन्हा भिंत. आणि एक दिवस उठले, फावडं घेतलं आणि परसात माझ्या धुण्याच्या दगडाशेजारी खणायला लागले. माणूस भिंत सोडून उठतोय हेच खूप होतं. तर त्या खड्ड्याचं झालं तळं. दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं लांबरुंद आणि मधोमध माझ्या कंबरेइतकं खोल. तळाला काळं प्लास्टिक, कडेला दगड, कुंड्यांत लावून बुडवलेली कमळं, थोडे लाल मासे, एक बेडूक. (बेडूक आणलेला नाही, तो स्वतः राहायला आला.) तेव्हापासून आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्या कुणाचीही तळं पाहिल्याशिवाय सुटका नाही. विजेचं मीटर वाचायला येणारा हल्ली आमचं मीटर फाटकातूनच अंदाजाने वाचतो, असा मला दाट संशय आहे.

आता पाहुणे. मुलीचे वडील दातांचे डॉक्टर, आडवेतिडवे, पांढराशुभ्र शर्ट, आणि अबोल. तुमच्याशी बोलताना तुमच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतात, त्यामुळे मी सबंध वेळ तोंड मिटून हसत होते. विहीणबाई (अजून व्हायच्या आहेत, पण जिभेला सवय असावी) पोस्टाच्या काउंटरवर बसतात. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी पार्सल नीट न शिवता आणलंय. बरोबर त्यांची नात, मुलीच्या भावाची मुलगी. चार वर्षांची, पायात लाल चपला, नाव काहीतरी मोठं आहे पण सगळे ठमी म्हणतात. आणि चार वर्षांचं पोर घरात शिरलं की त्याला मासे दाखवायचे नाहीत, असं तुमच्या बंधूंना सांगायची माझी काय बिशाद? चहा गाळेपर्यंत हे तिला मागच्या दाराने घेऊनसुद्धा गेले होते.

त्यातही आठवडाभर ह्यांचा जीव टांगणीला लागलेला. पाहुण्यांसमोर कमळ फुलावं म्हणून ह्यांनी तळ्यात खत टाकलं होतं. कमळाने ढुंकून पाहिलं नाही, सगळं खत शेवाळाला लागू पडलं आणि पाणी झालं हिरव्या ऑइलपेंटसारखं. बोट घातलं तर नख दिसेना. मासे आहेत की नाहीत हे श्रद्धेवर सोडलेलं. ठमीला घेऊन हे परत आले तेव्हा चेहरा एवढासा झालेला. तिला एकही मासा दिसला नव्हता. मासे घरी नाहीत, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

मागच्या दाराची कडी कुणी लावली? इथेच सगळं घोडं पेंड खातं. ह्यांना वाटलं मी लावली, मला वाटलं ह्यांनी.

त्यानंतर विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि मुद्द्यावर आल्या. मुलगा चांगला आहे, पण सारख्या नोकऱ्या बदलतो. आज इथे, उद्या तिथे. आमची मुलगी हळवी आहे. त्याच्या आईने त्याला फार लाडावलंय का? (वन्सं, मी तुमची बाजू घेतली. जेवढी घेता येईल तेवढी घेतली.) शेवटी त्या म्हणाल्या की आम्ही अजून शब्द दिलेला नाही, हे लक्षात असू द्या. ह्यांचा पाय हलायला लागला, कपबशी वाजायला लागली. डॉक्टर माझ्या ओठांकडे बघत होते. आम्ही सगळे त्या लग्नात इतके गुंतलो की खोलीत एक माणूस कमी आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आधी आलं विहीणबाईंच्या. त्यांनी साध्या आवाजात हाक मारली. मग जरा मोठ्याने. मी बाहेरच्या ओट्यावर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. हे नुसते उभे होते, आणि मग स्वयंपाकघराकडे वळले, आणि मी त्यांच्या मागोमाग गेले, आणि मागचं दार उघडं होतं.

पाण्यावर एक लाल चप्पल तरंगत होती.

वन्सं, मी हे विनोदाने लिहायला बसले होते, पण इथे माझं पेन अडतं. हे कपड्यांनिशी पाण्यात गेले. ते धप्प झाल्याचा आवाज येतो न येतो तोच माझ्या खांद्याला धक्का देऊन डॉक्टर गेले, बुटांसकट. दोघं वाकून त्या हिरव्या पाण्यात हात फिरवत होते, एकमेकांवर आदळत होते, आणि ढवळून पाणी काळं झालं. ह्यांचे हात थरथरत होते का, ते मला सांगता येणार नाही. ते पाण्याखाली होते. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त धरलं (नखांच्या खुणा अजून आहेत). आणि मी त्यांना धीर द्यायला काय म्हणत होते? कंबरेइतकंच आहे हो, कंबरेइतकंच आहे. कुणाच्या कंबरेइतकं, हे माझं मला नंतर ऐकू आलं.

तेवढ्यात हे काहीतरी घेऊन वर आले. जड, काळं, चिखलाने माखलेलं, छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं. त्यांनी ते काठावर ठेवलं, वरचा चिखल हाताने पुसला, आणि ती गोणपाटात गुंडाळलेली कमळाची कुंडी निघाली. हे तिच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पाण्यात वाकले.

आणि आमच्या पाठीमागून आवाज आला, "आजोबा, तुम्ही बूट घालून आंघोळ करताय?"

दारात ठमी. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत दुधाची पावडर. कोठीच्या खोलीत, दारामागे, डबा मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही एवढ्या हाका मारल्या, तिने सगळ्या ऐकल्या होत्या. पण तोंड भरलेलं, आणि बोललो तर डबा जाईल, एवढा हिशेब तिने केला होता. चपलेचं म्हणाल तर ती तिने त्याआधीच, एकटी पुन्हा मागे जाऊन, माशांना खायला टाकली होती. मासे घरी आले का, ते बघायला.

विहीणबाईंनी तिला उचललं, एक धपाटा घातला, आणि मग जे रडायला लागल्या ते धुण्याच्या दगडावर बसूनच. ठमीला वाटलं धपाटा त्यांनाच लागला, ती त्यांचे डोळे पुसायला लागली, पावडरच्या हातांनी. डॉक्टर होते तिथेच पाण्यात मटकन खाली बसले. गळ्यापर्यंत पाणी, त्यावर शेवाळाची दाढी. तुमचे बंधू तेवढे उभे होते. कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या बुजवतो."

मग डॉक्टरांनी दुपारपासूनचं पहिलं धड वाक्य उच्चारलं. "बुजवू नका. जाळी टाका." आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पोटरीला मासा लागून गेला."

त्यानंतर मला जे हसू आलं, वन्सं, ते काही शोभणारं नव्हतं. तोंड मिटायचं भान राहिलं नाही. डॉक्टरांनी पाण्यात बसल्या बसल्या वर पाहिलं आणि म्हणाले की वरची उजवीकडची दाढ दाखवून घ्या एकदा.

डॉक्टरांना ह्यांचे कपडे दिले. तुमचे बंधू म्हणजे छत्रीची काडी, आणि डॉक्टर म्हणजे उघडलेली छत्री. पायजमा कसाबसा चढला. सदऱ्याची बटणं काजापासून वीतभर लांब राहिली, म्हणून वरून माझी शाल. तशा अवतारात ते बैठकीत चहा प्यायले, आणि कुणी विषय काढला नसताना कमळाला ऊन किती लागतं असं ह्यांना विचारत होते. हे हो-नाही एवढंच बोलले. तळ्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला तुमच्या बंधूंनी एका शब्दात उत्तर द्यावं! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी स्वयंपाकघरात दुसरा चहा टाकत होते, तिथे विहीणबाई आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू? मी आज नाही म्हणायलाच आले होते."

मी साखर ढवळत राहिले. "मग?"

"आता हे तुमच्या ह्यांचा पायजमा घालून बसलेत. नाही कोणत्या तोंडाने म्हणू?" मग म्हणाल्या की तुमच्या ह्यांना पोहता येतं का. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कपबशा धुवायला घेतल्या. नको नको म्हणत असताना सगळ्या धुतल्या.

तर वन्सं, होकार आहे. मुलीला आणि भाचेबुवांना त्यांनीच कळवलं असेल, तुम्हाला रीतसर कळवायचं काम माझ्याकडे आहे. इकडचं सगळं ठीक. गुडघ्याला जपा. भाचेबुवांना आशीर्वाद, आणि ही नोकरी निदान लग्नापर्यंत टिकवा म्हणावं.

तुमची,
भावजय

ता. क. सगळं ठीक, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. त्या दिवसापासून मागच्या दाराला कडी आहे. ह्यांनी मातीची गाडी सांगून ठेवलीय, येत्या शनिवारी येईल. मासे कुणाला तरी देऊन टाकणार म्हणतात. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागलेत. मी समजावलं, भांडले, अबोला धरला. अबोल्याचा उपयोग होत नाही, कारण तो त्यांच्या लक्षातच येत नाही. ते फक्त तुमचं ऐकतात. म्हणून, शनिवारच्या आत त्यांना असं कळवा की नव्या विहीणबाईंना घेऊन तुम्ही तळं बघायला येताय. लग्नाचं बोलायला नव्हे, तळं बघायला, हे शब्द नीट वापरा. गुडघ्याचं नंतर बघू. नाहीच आलात तरी चालेल, पण येताय असं कळवा.

पुन्हा ता. क. जाळी मी आणलीय, भक्कम आहे, पलंगाखाली ठेवलीय. हे तुम्ही सुचवल्यासारखं लिहा. आणि खरोखरच आलात, तर ते जिथे उभं करतील तिथेच उभ्या राहा, जे दाखवतील ते बघा, मध्ये बोलू नका. पाऊण तास लागतो. जांभई आली तर तोंडावर पदर घ्या. मी इतकी वर्षं हेच केलं, आणि तेवढं एकदा पुन्हा करायला मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. त्यांनाही परसात खणायचंय, सुरुवात कुठून करायची ते ह्यांना विचारायचं होतं. हे समोरच बसले होते, भिंतीकडे तोंड करून. मी सांगितलं, हे तळ्यावर आहेत.