कपाटामागचं बटण

दादा,

'प्रिय' लिहून खोडलं. बाबांचं घर विकायचं ठरल्यापासून मी तुला मनातल्या मनात चोरच म्हणत आलेय. एजंटानं आणलेलं गिऱ्हाईक तुझ्याच ओळखीतलं, असं हे रोज माझे कान भरत होते. "तुझा दादा तुला गुंडाळणार बघ. मुखत्यारपत्र माझ्या नावे करून दे, तुझ्या वाट्याचं मी बघतो." मी हो म्हटलं. सोमवारी सही आहे.

काल घर दाखवताना मागची खोली अंधारी होती. तू दाराशेजारची भिंत चाचपडत राहिलास. तिथं ओल आली म्हणून बाबांनी बटण कपाटामागे हलवलं, तेव्हा तू परगावी होतास. तुला कसं कळणार? गिऱ्हाईक मात्र तुझ्याशी बोलता बोलताच कपाटामागे हात घालून मोकळं झालं. लख्ख उजेड पडला. आणि दारात म्हणालं काय होतं? "पहिल्यांदाच पाहतोय."

"अरेच्चा, इथं होय!" म्हणून तू हसलास. मीही हसले. हे तेवढे हसले नाहीत.

बाबा गेल्यापासून त्या घराला कुलूप आहे. किल्ली एकच, आमच्या खुंटीवरची. मी ती कुणाला दिलेली नाही.

सोमवारच्या आत ये, दादा. पण हे तुला कळवू कशी? तुझा नंबर ह्यांच्याच फोनमध्ये आहे आणि आमच्याकडची पत्रं पेटीत टाकायलाही हेच जातात. आत्ताच दारातून विचारून गेले, "कुणाला लिहितेस गं?"

तुझी,
धाकटी