उरलेले पाच स्वार आणि पाण्याचा तांब्या

मी, एकोजी वेंकटराव काटे, वय सव्वीस, राहणार तंजावूर (राहतो तेव्हा), लिहून ठेवतो की सोमवारी मद्रासला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती तेवढी नाही. कोणाची जबरदस्ती नाही. देवनागरी मी कोल्हापुरात पाट्या रंगवताना शिकलो. घरात बोलणे मराठी, पण लिहिणे-वाचणे तमिळ; देवनागरी कोणाला वाचता येत नाही, तेव्हा शेजारचे हरिप्रसादमामा वाचून दाखवतील.

१. सायकल व ब्रश थोरला भाऊ मुरलीअण्णा याला. सायकलची चेन तिरुवैयारूच्या पुलावरच उतरते, दर वेळी तिथेच. एकदा तिथे उतरली तेव्हा मी तसाच बस धरून हुबळीला गेलो होतो. असो.

२. वडिलांनी माझ्या नावे ठेवलेले फणसाच्या फळीवरचे चित्र. इंग्रजांच्या कंपनीच्या पलटणीशी लढून उरलेले आमचे स्वार परत येत आहेत. माणसे पाच, घोडे सहा. सगळे दमलेले, कोणी कोणाकडे बघत नाही. कुठली लढाई ते आता घरात कोणाला सांगता येत नाही. पुढच्या स्वाराला खंडोबा समजून भागीरथीआत्या दर चंपाषष्ठीला भंडारा लावते, आणि रोज संध्याकाळी चित्रापुढे पाण्याचा तांब्या ठेवते.

अण्णा टूरिस्टांसाठी सोन्याच्या वर्खाची चित्रे करतो. तीन वर्षांमागे मी गावात नसताना त्याने त्या स्वाराच्या डोक्यावरच्या जखमेच्या पट्टीवर वर्ख चढवून मुकुट केला. म्हणाला, "देव असला तर गिऱ्हाईक येतं, एकू. हरलेली माणसं कोण भिंतीवर लावतंय?" मी ब्लेडने वर्ख खरवडला. वर्खाबरोबर स्वाराचा एक डोळाही गेला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. अर्धा दोष माझा. तुझा अर्धा तुझ्याकडेच ठेव, अण्णा.

त्या दिवशी मी आत्याला सांगितले, हा खंडोबा नव्हे, मार खाऊन आलेला शिपाई आहे. ती अवरेकाईच्या शेंगा सोलत होती, मान वर केली नाही. "असेल. दमून दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं रे. नाव मागून विचारावं."

म्हणून चित्र आत्याकडे, तिच्या हयातीपर्यंत. पुढे अण्णाकडे. विकू नये, वर्ख लावू नये, गेलेला डोळा पुन्हा रंगवू नये. तांब्या रोज ठेवावा. अण्णा हसेल, पण ठेवेल.

३. ऑपरेशनचे आत्याला सांगितलेले नाही. पुन्हा भटकायला गेलो असे तिला वाटू दे, सवय आहे तिला. मी परत आलो तर मामांनी हा कागद फाडावा. कुठे होतास, कसा आहेस, कोणी काही विचारू नये. दारात जो असेल त्याने चित्रापुढचा तांब्या उचलून माझ्या हातात द्यावा.

तंजावूर, १० मार्च १९९५

सही: एकोजी काटे

साक्षीदार:
१. हरिप्रसाद राव, निवृत्त हेडक्लार्क
२. अलमेलु, शिक्षिका (सही तमिळमध्ये)