गिरणीकडे जाणारा सांधा

आबा,

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, की आता तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. परवाच्या रविवारी आपल्या स्टेशनवर गेले होते. मी जिंतूरला शाळेत शिकवते, तिथंच एका खोलीत राहते. सुट्टीच्या दिवशी कुठं जायचं, हा प्रश्न मला दर आठवड्याला पडतो. गिरणीचे रूळ काढायलेत असं गावाकडच्या एकानं सांगितलं, तेव्हा निदान जायला एक ठिकाण मिळालं.

खरंच काढत होते. कापलेले रूळ मालधक्क्यावर रचले होते. मालधक्का म्हणजे आता नुसता दगडी ओटा, भेगांतून गवत आलेलं. मी तुमचा डबा घेऊन यायची तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसायची. सरकीच्या पेंडीची पोती, हमालांची टोळी, पावत्या लिहिणारे बाबू, कडेला चहाची टपरी. तुम्ही लोखंडी दांडा ओढून सांधा बदलला, की इंजिन मुख्य रूळ सोडून तेलगिरणीच्या आवारात शिरायचं आणि भरलेले डबे घेऊन बाहेर यायचं. तुमच्या खाकी शर्टाला पेंडीचा वास यायचा. माय तो शर्ट वेगळा धुवायची. मामाचे कपडेही तसेच वास मारायचे. मायचा हा धाकटा भाऊ गिरणीत घाण्यावर होता, आणि पाळी सुटली की तुमच्याजवळ येऊन बसायचा. एक कप चहा तुम्ही दोघं बशीत वाटून घ्यायचात.

मग एका सकाळी गिरणीच्या फाटकाला कुलूप दिसलं. मालक शहरात निघून गेला होता. आत पेंडीनं भरलेले डबे उभे होते. ते एकदा बाहेर गेले की मालक पुन्हा तोंड दाखवणार नाही, असं मजुरांना वाटलं आणि ते रुळांवर जाऊन बसले. सगळ्यांत पुढं मामा.

दुपारी इंजिन येतं. तुम्ही लाल झेंडी धरून सांध्याजवळ उभे आहात. स्टेशनमास्तर धापा टाकत येतात, वरून फोन आलाय म्हणतात. तुम्ही आवाज न चढवता सांगता, "रुळावर माणसं हायेत, साहेब. मी सांधा देत न्हाई." ऊन कलेपर्यंत तुम्ही तसेच उभे. शेवटी इंजिन रिकामंच परत गेलं. त्या संध्याकाळी मामा आपल्याकडे जेवला. "दाजी हायेत तवर डबे हालत न्हाईत," असं तो मायला म्हणत होता. तुम्ही खाली बघून भाकरी मोडत होता. उद्या काय होणार ते तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी माणसं उठवली, कुणी पुन्हा रुळावर येऊ नये म्हणून कडेनं दोर लावला. दोराच्या पलीकडून मामा म्हणाला, "दाजी, हात लावू नका." तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. "आता लाइन मोकळी हाय," एवढं पुटपुटलात आणि दांडा ओढला. डबे हळूहळू बाहेर आले, आपल्या क्वार्टरवरून गेले. माय दारात उभी होती.

त्यानंतर तिकडं इंजिन आलंच नाही. दुसरा माल होता कुठं? शेतकऱ्यांचं सोयाबीन ट्रकनं जायला लागलं. हमाल पांगले, बाबूंची बदली झाली, टपरी उठली. मामा दिवाळीत मायला न्यायला आला नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही दोघं नेहमी शेजारी चालायचात. त्या वर्षी तो पार पुढच्या टोकाला गेला. तुम्ही मात्र रोज सकाळी त्या सांध्याला तेल घालत होता. मग तुमची जागाच काढून टाकली आणि तुम्हाला लांबच्या यार्डात पाठवलं. सुट्टीला घरी यायचात, ओसरीत बसायचात, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की उठायचात. त्या यार्डाजवळच, परक्या खोलीत, तुम्ही गेलात.

परवा त्या कापलेल्या रुळांवर एक म्हातारा काठी घेऊन बसला होता. भंगार कुणी नेऊ नये म्हणून ठेकेदारानं ठेवलेला राखणदार. जवळ गेले तर मामा. मला ओळखायला त्याला वेळ लागला. मग सरकून त्यानं जागा दिली. बराच वेळ आम्ही रूळ उचलणारी माणसं बघत बसलो.

"दाजीनं सांधा दिला नसता तर दुसऱ्यानं दिला असता," तो म्हणाला. "ते मला त्याच साली कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत, मामा? आबा वाट बघायचे तुमची."

तो काठीनं माती उकरत राहिला. "लय राग होता बाई. मालक तर कधी दिसलाच न्हाई. दाजी रोज दिसायचे."

मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "जेवलीस का?" आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली. मी खाल्ली. गाडी आली तेव्हा तो उठून फलाटापर्यंत आला.

गाडीतून उतरून पुढं एसटीनं खोलीवर आले, कुलूप काढलं आणि सवयीनं मायला सांगायला तोंड उघडलं. तीही आता नाही. मामा बोलला, ही गोष्ट ज्यांना सांगावी अशी माणसं दोनच होती. म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसले. हे कुठं पाठवता येत नाही, ते मला कळतं. पण खरं सांगू का आबा, लिहिताना मधेच दोनदा मी थांबले, तुम्ही काही म्हणताय का ते ऐकायला.