न पुसलेला ठसा

३ डिसेंबर २००४
नोकरी लागली, ह्या वयात. नारायणगावहून जीपने आळेफाट्याच्या अलीकडे उतरलो, तर शिजणाऱ्या आवळ्याचा वास रस्त्यापर्यंत आलेला. कारखान्याचे मालक पारसशेठ वयाने माझ्या पोरासारखे, मला काका म्हणाले. प्रयोगशाळेत यंत्रं आहेत, तरी वडिलांची, पोपटलालशेठची, रीत त्यांनी मोडलेली नाही. च्यवनप्राश शिजला की अंगठा दाबून बघायचा. ठसा रेघांसकट उमटून राहिला, तर माल तयार. आधी हे काम गेणू करायचा. तो दिवाळीत वारला. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून अंगठ्याचंच काम मिळालं, असं बायको, साळू, हसून म्हणाली.

६ डिसेंबर
कढई ढवळणाऱ्या ठकूबाईने बजावलं, "ठसा बघितला की तूप लावून पुसायचा, भाऊ. आपली खूण लोकांच्या पोटात जाता कामा न्हाई." मी दोनदा पुसतो. घरी येताना जीपमध्ये पुन्हा वाटतं, पुसला ना?

११ डिसेंबर
आज माझ्या हातचा पहिला शुगरफ्रीचा घाणा. साखरेऐवजी पिंपातलं काहीतरी गोड ओततात. अंगठा दाबला, पण खळगा हळूहळू भरून आला, ठसा राहिलाच नाही. पारसशेठ म्हणाले, ह्याचं असंच असतं काका, यंत्राने पास केलाय. पुसायला काही नव्हतं, म्हणून पुसलं नाही.
नमुन्याची वाटी साळूसाठी मागून आणली. तिला साखरेचा आजार. गोडासाठी लहान पोरीसारखी रुसते. वाटी चाटून म्हणाली, जन्मात पहिल्यांदा तुमच्या नोकरीचा उपयोग झाला.

१५ डिसेंबर
त्याच घाण्याची एक बरणी कारखान्यात राखून ठेवतात. तिचं सील तसंच आहे, आणि आत, काचेतून दिसतो, ठसा. मधून आडवी चीर. माझ्या अंगठ्यावर चीर नाही.
ठकूबाईला दाखवला. तिने पदराने काच पुसून पाहिली. मग म्हणाली, गेणूच्या अंगठ्याला विळा लागला व्हता. शुगरफ्रीचं तोही पुसायचा न्हाई. दिसतच न्हाई तर पुसू काय, म्हणायचा.

१८ डिसेंबर
साळूचे पाय सुजलेत. नडगीवर खळगा आहे. डॉक्टर म्हणाले, सुजेवर दाबलं की असा पडतो, लघवी तपासून घ्या. पण खळग्यात रेघा आहेत, मधून चीर. मी बोट ठेवून दाखवली. त्यांना नुसती सूज दिसली.

२० डिसेंबर
साळूच्या नडगीला तूप लावलं. ठसा पुसला जात नाही. दंडावर आणखी एक आहे. साळू म्हणते, दुपारी जरा डोळा लागला की कशाला चेपता हो? दुपारी मी कारखान्यात असतो.
ठकूबाईला गेणूच्या बायकोचं विचारलं. तिने ढवळणं थांबवलं नाही. अशीच सुजून गेली म्हणाली, आधी ती, मागून तो. शेवटचा ठसा कपाळावर व्हता.

२२ डिसेंबर
उमटून राहिला की माल तयार — हेच मी रोज —
कामावर गेलो नाही. साळूजवळ बसून आहे. दाराला कडी लावली.

२३ डिसेंबर
कुणी आलं नाही. कडी तशीच. तरी तिच्या गळ्याशी नवा —
माझ्या अंगठ्यावर चीर आहे. विळा मी कित्येक वर्षांत धरलेला नाही. अंगठा फडक्याने बांधला.

२४ डिसेंबर
फडकं सुटलेलं. गाठ मी सोडली नाही. अंगठ्याला आवळ्याचा वास —
साळू जागी झाली. अंग तापलंय का बघा म्हणाली. कपाळ पुढे केलं. नको म्हटलं तर रुसली —
डावा हात नेला. डावाच. उजवा मांडीखाली दाबलेला होता —
मग हा कपाळावर ठसा कुणाचा —