न सांगितलेले सहा आकडे

मी, हौशीराम अंबाजी तिकोणे, वय वर्षे ७१, सेवानिवृत्त पहारेकरी, राहणार सोमाटणे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आज माझ्या घरात बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, पण त्यांनी तो मला नीट न तपासताच दिला, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. पुढचा मजकूर वाचून ज्याने त्याने ठरवावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ मी कोणाला येऊच दिलेले नाही.

१. यापूर्वी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिली दोन मी स्वतः चुलीत घातली. तिसरे सापडत नाही. ते कोणी नेले याचा मला अंदाज आहे, पण नाव लिहीत नाही, कारण तो माणूस हे वाचणार आहे.

२. सोमाटण्याचे राहते घर माझी पत्नी शकुबाई हिच्याकडे तहहयात राहील व तिच्या पश्चात मुलगा निलेश यास मिळेल. मळवलीचे बावीस गुंठे भातखाचर निलेशला आजपासूनच दिले असते, पण धीर होत नाही. तेही माझ्या पश्चात त्याचेच. अट एकच. "तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी बघतो," असे म्हणत कोणी कागद आणला, तर निलेशने त्याला चहासुद्धा पाजू नये.

या अटीचे कारण लिहून ठेवतो. १९९४ साली माझा चुलतभाऊ बजरंग हा माझ्या वडिलांकडे आला आणि शेतरस्त्याला संमती हवी म्हणून त्यांचा अंगठा घेऊन गेला. वडिलांना अक्षरओळख नव्हती. ते खरेदीखत निघाले. जुन्या हायवेलगतच्या त्या तीस गुंठ्यांवर आज हॉटेल उभे आहे. वडील पुढे पाच वर्षे जगले आणि जेवताना डाव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. मी त्या हॉटेलात आजवर पाणी प्यायलेलो नाही. बजरंगला मी माझे शाईचे पॅड देतो. त्याचा उपयोग त्याला माहीत आहे.

३. माझी बॅटरी, काठी व शिट्टी समोरच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याला द्यावी. तो दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो. तळेगावच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी एकतीस वर्षे काढली. जाणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडून पाहिला, साहेबांचासुद्धा. माझा नियम साधा होता: ज्याला बाहेर पडायची घाई, त्याची पिशवी आधी. या नियमाने मी सतरा चोर पकडले. त्याच नियमाने घरात काय केले, ते पुढच्या कलमात आहे.

४. माझा मोबाईल व त्यातील सिमकार्ड निलेशची मुलगी प्रेरणा हिला द्यावे. फोन जुना आहे, त्याची काच तडकलेली आहे. पण सिमकार्ड जपून काढावे. असे का लिहितो, ते सविस्तर सांगणे भाग आहे.

प्रेरणा पहिलीत असताना शाळेत आधार काढायला माणसे आली. फोन नंबर कोणाचा द्यायचा, असे विचारले तेव्हा मी पुढे होऊन माझा दिला. निलेश भोळा, कोणीही त्याला गंडवील. माझ्या हातात असले म्हणजे पोरीच्या नावाला कोणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब. त्यानंतर मी ते विसरून गेलो.

गेल्या वर्षी प्रेरणाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेले कोणी नाही. फी निलेशच्या आवाक्याबाहेरची होती. तो भाड्याचा टेम्पो चालवतो. घराचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर मुलीच्या शिक्षणाच्या फीचा भार सरकार उचलते, हे प्रेरणानेच शोधून काढले. मी म्हणालो, फुकट देणाऱ्याचा हात आधी बघावा. तिने ऐकले नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते, सगळे तिने एकटीने जमवले. उत्पन्नाचा दाखला हातात यायलाच बरेच दिवस गेले, आणि अर्ज भरायला ती तळेगाव स्टेशनजवळच्या जुनेद मुलाणी याच्या सेवा केंद्रात बसली तेव्हा शेवटचा दिवस उजाडला होता.

दुपारी तिचा फोन आला.

"आबा, तुमच्या फोनवर आता एक मेसेज यील. सहा आकडे हायत. तेवढे वाचून दाखवा."

"कशाला?"

"फॉर्मला ओटीपी लागतो. माझ्या आधारला तुमचा नंबर हाय."

तिच्या मागून एका पुरुषाचा आवाज आला, "लवकर सांगायला लावा, दहाच मिनिटं चालतो तो."

घाई म्हटले की माझे कान टवकारतात. बँकेने तर शंभरदा कळवले होते की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि मी तो नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करून घेतला होता. मी म्हणालो, "पोरी, तुला कुनीतरी बसवून हे बोलायला लावतंय. मी न्हाई सांगनार." फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मी तो बंद केला, खिशात घातला आणि मळवलीला खाचराकडे निघून गेलो. प्रेरणा रिक्षा करून सोमाटण्याला आली, तेव्हा शकुबाईही बाजाराला गेलेली, दाराला कुलूप होते. मी बांधावर बसलो होतो आणि पोरीला वाचवल्याचा आनंद मानत होतो.

मुदत संपली. पूर्ण फी भरा नाहीतर जागा सोडा, असे कॉलेजने सांगितले. जागा सोडली. वर्षभर ती लोणावळ्याच्या एका दुकानात चिक्कीची पाकिटे भरत होती. मला ती एका शब्दाने बोलली नाही. सुरुवातीला मला वाटले, कृतज्ञता असेल.

खरे मला जुनेदकडून कळले. महिन्याभराने तो स्वतः घरी आला. मी दाराची साखळी न काढता फटीतून विचारले, काय पाहिजे. तो म्हणाला, "आबा, फॉर्म पूर्ण झाला नाही. पोरीचे शंभर रुपये माझ्याकडे राहिलेत." मी नोट फटीतून घेतली आणि उजेडात धरून पाहिली. खरी होती. मग त्याने त्या सहा आकड्यांचा अर्थ दाराबाहेर उभे राहून मला समजावला. माझ्या वडिलांनी अंगठा दिला म्हणून जमीन गेली आणि मी सहा आकडे दिले नाहीत म्हणून नातीचे वर्ष गेले. याचा मला फार त्रास झाला आहे व होतो आहे.

म्हणून हे सिमकार्ड. माझ्या पश्चात निलेशला, बजरंगला, कोणालाही ते मिळता कामा नये. नंबर प्रेरणाचा.

५. घरातल्या पुढच्या पोरांसाठी सूचना. मदतीचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नये. फी माफ आहे असे चार लोक म्हणाले म्हणून ती आपोआप माफ होत नाही, अर्ज करावा लागतो. बँकेचे खाते आधारला जोडलेले आहे का, ते बँकेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आणि आपला नंबर आपल्याच खिशात असावा, आजोबांच्या नव्हे.

६. माझ्या लोखंडी पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला आहे. मी गेल्यावर ती निलेशने चौघांसमक्ष काढावी. पेटीत घराचे कागद, प्रेरणाचा शाळा सोडल्याचा दाखला व मूळ गुणपत्रिका आहेत. गेल्या वर्षी जागा सोडल्यावर तिने त्या घरी आणल्या, तेव्हा मी कुलपात घातल्या. मूळ कागद हातचे सोडू नयेत.

येथे मृत्युपत्र संपणार होते. साक्षीदारही येऊन बसले होते. इतक्यात प्रेरणा लोणावळ्याहून आली. तिला यंदा पुन्हा जागा मिळाली आहे. मी मोठ्या ऐटीत तिला चौथे कलम वाचून दाखवले.

"आबा, नंबर मी मार्चमधीच बदलला. आधार केंद्रावर जाऊन अंगठा देऊन आले. आता माझाच नंबर हाय. यंदाचा फॉर्मबी भरला."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमीच म्हनता ना, असलं कुनालाबी सांगायचं न्हाई."

साक्षीदार जमिनीकडे बघू लागले.

मग ती म्हणाली, "सोमवारी कॉलेजात मूळ गुणपत्रिका दाखवायच्यात. त्या बिगर प्रवेश न्हाई, फी माफी न्हाई. त्यासाठीच आले. तुमी देनार का न्हाई, ते मला म्हाईत न्हवतं."

सबब, चौथे कलम निरुपयोगी झाल्याने मी ते रद्द करतो. सहाव्या कलमात दुरुस्ती करतो, ती अशी: पेटीची किल्ली मी मेल्यावर नव्हे, आज दुपारी, करगोटा कापून, साक्षीदारांसमक्ष प्रेरणाच्या हातात दिली. तिने पेटी उघडली. दहावीची, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, नाव वाचले, शिक्का वाचला, आणि मगच पिशवीत ठेवला. मी समोर बसलेलो असताना. मी पावती मागितली नाही. मागावीशी वाटली, हे खरे आहे.

किल्ली ती घेऊन गेली. परत देईन म्हणाली नाही, मीही विचारले नाही. तिला माझ्याकडून जे मिळायचे ते, म्हणजे कागद असा उलटून पाहायची खोड, या कागदाच्या आधीच मिळालेले आहे. ते परत घेण्याची काही तरतूद कायद्यात असल्यास या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने पाहावी. व्यवस्थापक म्हणून मी प्रेरणालाच नेमतो.

लिहून देणार: हौशीराम अंबाजी तिकोणे (सही. अंगठा नाही.)

साक्षीदार:
१. सुहास वसंत काकडे, सोमाटणे. यांचा डबा मी वीस वर्षे तपासला, भाकरीखेरीज काही निघाले नाही.
२. जुनेद गुलजार मुलाणी, तळेगाव दाभाडे. आज ते दाराच्या आत बसून सही करत आहेत.

ठिकाण: सोमाटणे
दिनांक: २३ ऑगस्ट २०२५, शनिवार